गाण्याचे पैसे देता का? आणि दिलेत तर ते गाणाऱ्यापर्यंत पोचतात का?

तानपुरा_मिरज (धागालेखक)

गेल्या महिन्यात फोन बदलला. दुकानातल्या मुलाने जुन्यातलं सगळं नव्यात टाकून दिलं आणि म्हणाला, "काका, तुमची नुसती गाणीच २१ जीबी आहेत." घरी येऊन मोजली, ३,८०० च्या वर निघाली. त्यातली पैसे मोजून घेतलेली किती ते शोधायला बसलो, तर २०० सुद्धा भरेनात. तीही बहुतेक माझ्याच सीडींवरून उतरवलेली. बाकीची कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून, व्हिडिओतून गाणं काढून देणाऱ्या कन्व्हर्टरच्या साइटवरून, व्हॉट्सअॅपच्या गटातून आलेली.

मी मिरजेत वाढलो. आमच्या गल्लीत तानपुऱ्यांचे भोपळे वाळत ठेवलेले असायचे. जवारी काढणारे, म्हणजे तारांचा झंकार जुळवणारे काका घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) कान लावून, तारेखाली सुताचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसायचे. मनासारखा झंकार येईपर्यंत सकाळची दुपार व्हायची. त्या मेहनतीचे पैसे कुणी बुडवले असते तर अख्खी गल्ली त्याच्या दारात उभी राहिली असती. त्याच तानपुऱ्यावर गायलेलं गाणं मी फुकट उतरवून घेत आलो आणि इतकी वर्षं मला काही वाटलं नाही. आता वाटतंय, म्हणून हा धागा.

दोन वर्षांपूर्वी ठरवलं की यापुढे पैसे भरून ऐकायचं. एका सेवेचं मासिक शुल्क सुरू केलं. मे महिन्यात रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाटात रेंज गेली, आणि त्याच आठवड्यात कार्डावरून पैसे कापले गेले नव्हते, त्यामुळे फोनमध्ये उतरवून ठेवलेली सगळी गाणी कुलूपबंद. ते एक वेळ ठीक. पण परत आल्यावर बघतो तर रोज पहाटे ऐकायचो तो तोडी रागाचा अल्बमच नाही. यादीत नाव होतं, पण राखाडी. बोट ठेवलं तरी वाजेना. दोन वर्षं पैसे भरले आणि हातात काय, तर एक राखाडी नाव.

तेव्हा विचारायचं आहे की तुम्ही पैसे देता का, कुठे देता, आणि ते कुणाला पोचतात याची काही कल्पना आहे का?

गावरान_ठेचा

मी पैसे देत नाही, स्पष्टच सांगतो. लपवण्यासारखं त्यात मला काही वाटत नाही. कॉलेजात असताना एका ऑडिओ सीडीच्या किमतीत माझी दोन आठवड्यांची मेस भागायची. तेव्हा मित्राने भरून दिलेल्या एमपीथ्रीच्या सीडीवर मी किशोरीताई (आमोणकर) पहिल्यांदा ऐकल्या. ती सीडी नसती तर आज मी सवाई गंधर्वला तिकीट काढून तीन-चार दिवस बसलो नसतो. माझे पैसे मंडपात जातात, समोर बसून गाणाऱ्याला. फाइलचे पैसे कंपनीला मिळतात, गाणाऱ्याला नाही, अशी माझी समजूत आहे. चुकीची असेल तर दाखवून द्या.

इसारच्या_काठी

म्यूनिकमधून लिहिते आहे. इथे फुकट उतरवण्याचा अनुभव महाग पडतो. आमच्या ओळखीतला एक विद्यार्थी नवीन आला तेव्हा भारतातल्या सवयीने टॉरंट लावून बसला. दोन महिन्यांनी घरमालकाच्या नावाने वकिलाचं पत्र, कित्येक शे युरोंची मागणी. टॉरंटमध्ये आपण घेता घेता दुसऱ्याला देतही असतो, आणि ते 'देणं' इथे पकडलं जातं.

पण एक गोष्ट मला इथली आवडते. स्वतःसाठी प्रत करून घेणं कायद्याला मान्य आहे, अर्थात मूळ प्रत उघडउघड बेकायदा नसेल तर. आणि त्याचा मोबदला म्हणून फोन, पेनड्राइव्ह, कोऱ्या सीडी यांच्या किमतीतच एक आकार धरलेला असतो. तो गोळा होऊन हक्कदारांच्या संस्थांकडे जातो. लोक प्रती करणारच, हे गृहीत धरून कलाकाराचा वाटा आधीच काढून ठेवलेला.

सगळं छान होतं असंही नाही. इथली हक्कसंस्था गेमा आणि यूट्यूब यांचं भांडण २००९ पासून २०१६ च्या नोव्हेंबरपर्यंत चाललं. तेवढी वर्षं कितीतरी व्हिडिओंच्या जागी नुसती काळी पाटी दिसायची. आजही जुनी नाट्यपदं शोधली की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं येतं. पैसे द्यायला मी एका पायावर तयार आहे, पण दुकानच बंद असेल तर करू काय?

कार्डवाला_बार्शी

मी सात वर्षं एसटी स्टँडसमोर मोबाइलचं दुकान चालवलं. रिचार्ज, कव्हर आणि मुख्य धंदा मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा. २ जीबीला ३० रुपये, ४ जीबीला ५०. कॉम्प्युटरवर फोल्डर केलेले: नवीन मराठी, जुनी सोनेरी, भक्ती, लावणी, डीजे, कीर्तन. बाजारच्या दिवशी रांग लागायची. आमच्या आधी त्याच गाळ्यात कॅसेट भरून देणारा होता. लोक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचे आणि तो साठच्या किंवा नव्वदच्या कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, कार्ड आलं, पण 'भरून द्या' हा शब्द तोच राहिला. आपण चोरी करतोय असं मला एकदाही वाटलं नाही. मी वेळ देतोय, वीज जाळतोय, त्याचे पैसे घेतोय, एवढाच हिशोब डोक्यात.

एका गुरुवारी दुकानातल्या स्पीकरवर कीर्तन लावलं होतं. धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ बाहेर थांबले. बराच वेळ नुसते ऐकत उभे. मग आत येऊन म्हणाले, "हे कुठनं आणलंस?" मी म्हणालो, एका गिऱ्हाइकाच्या कार्डात होतं, मी घेऊन ठेवलं. ते म्हणाले, "हा माझा आवाज आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा. सप्त्यात कुणीतरी टेप लावला असंल. माझ्याकडं माझं एकबी कीर्तन नाही." आणि खिशातून नातवाचा फोन काढून म्हणाले, भरून दे.

मी भरून दिलं. त्यांनी ३० रुपये काढून काउंटरवर ठेवले आणि मी ते घेतले. सवयीने गल्ल्यात टाकले. ते रस्ता ओलांडून गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला की ज्याचा आवाज, त्याच्याकडूनच आपण पैसे घेतले. पळत गेलो तोवर वैरागची गाडी सुटली होती.

डेटा स्वस्त झाल्यावर, २०१६ नंतर, तो धंदा आपोआप बसला. त्याचं दुःख नाही. त्या ३० रुपयांचं मात्र अजून आहे.

सांजवात

कार्डवाले दादा, वाचून गलबलून आलं. मनापासून लिहिलंत.

कलम_बावन्न

वकिली करतो, म्हणून कायद्याचं थोडं. इथे बऱ्याच जणांचा समज असतो की जुनं गाणं म्हणजे मोकळं गाणं. तसं नाही. एका गाण्यात निदान तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली बाजारात आलेल्या तबकडीच्या मुद्रणावरचा हक्क २०२० च्या अखेरीला संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत हक्क आहे. बाबूजी (सुधीर फडके) २००२ साली गेले, त्यांच्या चालींवर २०६२ अखेरपर्यंत. तुकोबांच्या अभंगाच्या शब्दांवर कुणाचाच हक्क नाही, पण श्रीनिवास खळ्यांनी त्याला लावलेल्या चालीवर आहे, आणि तो २०७१ अखेरपर्यंत राहील.

स्वतःच्या सीडीवरचं गाणं स्वतःच्या फोनात घेतलं म्हणून कुणी दारात येत नाही. तीच फाइल दोनशे जणांच्या गटात टाकली की प्रकरण वेगळं. कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. दुकानदारांवर कारवाया झाल्या, घरी ऐकणाऱ्यावर झालेली माझ्या पाहण्यात नाही.

म्हापशेकर_नुस्ते

वकीलसाहेब, आमच्या गोव्यात २०२४ च्या सुरुवातीला सरकारने परिपत्रक काढलं होतं की लग्नसमारंभात गाणी वाजवायला कुणी परवानगीचे पैसे मागू नयेत. उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं ना?

कलम_बावन्न

हो. धार्मिक विधी आणि लग्नाची वरात, त्यासोबतचे समारंभ यांना कायद्यातच सूट आहे. पण परिपत्रक काढून सरकारला ती सूट वाढवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. मूळ विषयाला फाटा नको म्हणून इथे थांबतो.

दुसरा_अंतरा

गावरान_ठेचा यांच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण मी गीतं लिहिते. माझे दोन भावगीतांचे अल्बम आहेत. पहिला २००६ सालचा. कंपनीने एकरकमी ५,००० रुपये हातावर ठेवले आणि एका कागदावर सही घेतली. त्या कागदाने माझे सगळे हक्क कायमचे गेले, हे मला नंतर कळलं. त्यातलं एक गाणं पुढे दोन वर्षं लोकांच्या फोनवर कॉलर ट्यून म्हणून वाजत होतं. माझ्या सख्ख्या भावाच्या फोनवर वाजायचं. दरमहा त्याच्याकडून ३० रुपये कापले जायचे आणि त्यातला एक पैसा माझ्याकडे आला नाही. म्हणजे तेव्हापुरती तुमची समजूत अगदी बरोबर होती.

पण २०१२ साली कायदा बदलला. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी बोलले होते. आता गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) वाटा सही करूनही सोडता येत नाही. कंपनीबरोबर समान वाटणी करावी लागते. मी आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी हे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेची, सभासद झाले. दुसऱ्या अल्बमचं वर्षाला जे येतं त्यात दिवाळीचा फराळ होतो, फार नाही. पण खात्यात रक्कम आली की सोबत तक्ता येतो, त्यात माझ्या गाण्याचं नाव असतं आणि ते कुठे किती वाजलं ते असतं. कुणीतरी नियमाने पैसे भरून ऐकलं म्हणून ती ओळ तिथे उमटली. कन्व्हर्टरवरून उतरवलेलं गाणं एक लाख लोकांनी ऐकलं तरी त्या तक्त्यात शून्य असतं. मला पैशाइतकंच त्या शून्याचं वाईट वाटतं. गाणं कुणी ऐकलंच नाही असं ते सांगतं, आणि ते खोटं असतं.

गावरान_ठेचा

ताई, हे मला माहीत नव्हतं. कंपनी म्हणजे सगळं कंपनीलाच, असं धरून चाललो होतो. एक शंका आहे. तबलजी, बासरीवाले, कोरसवाले यांना काय मिळतं?

दुसरा_अंतरा

बहुतेकांना स्टुडिओतल्या त्या दिवसाचे पैसे, पुढे काही नाही. वादक-गायकांनाही कायद्याने हक्क दिलेला आहे, पण करारात नीट लिहून घेणारे फार थोडे. माझ्या अल्बममधले बासरीवाले आज शिकवण्या करून घर चालवतात.

धीम्या_फेऱ्या

ध्वनिमुद्रण हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. मासिक भाडं भरल्यावर पैसे कसे वाटले जातात ते सांगतो, कारण धाग्याचा मूळ प्रश्न तोच आहे.

स्पॉटिफाय २०१९ साली भारतात आलं तेव्हा महिन्याला ११९ रुपये होते. समजा तुम्ही ते भरले आणि महिनाभर एकाच गायिकेचा तोडी ऐकलात. तुम्हाला वाटेल, सेवेचा हिस्सा जाऊन उरलेले त्या गायिकेकडे गेले. तसं होत नाही. देशातल्या सगळ्यांचे पैसे एका हौदात जमतात. त्यातले साधारण दोन तृतीयांश हक्कदारांना वाटले जातात, आणि ते एकूण सगळ्या वाजण्यांमध्ये कुणाचा किती वाटा यावर. म्हणजे तुमचे बहुतेक पैसे त्या महिन्यात सगळ्यात जास्त वाजलेल्या गाण्यांकडे गेले, जी तुम्ही ऐकलीही नसतील. मुख्य म्हणजे ३० सेकंद वाजलं की एक वाजणं मोजतात. तीन मिनिटांचं गाणं एक आणि पाऊण तासाचा विलंबित ख्यालही एक. तासभर चित्रपटगीतं ऐकलीत तर २० वाजणी होतात, तासभर ख्याल ऐकलात तर एक, फार तर दोन. आपल्या शास्त्रीय संगीतावर हा उघड अन्याय आहे. त्यात २०२४ पासून, १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला त्यांच्याकडून काहीच मिळत नाही. मराठीतल्या कितीतरी चांगल्या गोष्टी त्या हजाराच्या अलीकडेच राहतात.

माझं मत विचाराल तर भाडं भरा, जरूर भरा, फुकटापेक्षा ते चांगलंच. पण ज्याचं गाणं जिवाभावाचं आहे त्याचं गाणं विकत घ्या. आणि इथेच आपलं घोडं पेंड खातं. विकत घ्यायची दुकानं आली आणि गेली. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत फ्लाइट नावाचं दुकान उघडलं होतं, दहा-पंधरा रुपयांत एक गाणं, कुलूप नसलेली एमपीथ्री, कायमची तुमची. जून २०१३ मध्ये बंद. फुकट गाण्यांपुढे टिकाव लागला नाही हे खरं, पण तेव्हा दहा रुपये भरायला कार्डाचा सोळा आकडी नंबर आणि पासवर्ड टाकावा लागायचा हेही खरं. आता टपरीवरच्या चहाचे दहा रुपये आपण यूपीआयने देतो. पैसे देण्याची वाट अगदी सोपी झाली, तर दुकान नाही.

आणि फुकट उतरवणाऱ्यांना कानाचं एक सांगतो. कन्व्हर्टरची फाइल एकदा दाबलेल्या आवाजाला पुन्हा दाबून बनते. त्यात पहिला बळी तानपुऱ्याचा. जवारीतून निघणारे वरचे स्वर, ज्यासाठी ते मिरजेचे काका सुताचा दोरा सरकवत बसायचे, ते पुसले जातात आणि मागे पाण्यातून आल्यासारखी घरघर उरते. हेडफोन लावून मूळ सीडी आणि ती फाइल एकामागोमाग ऐका. लगेच कळेल.

तानपुरा_मिरज

काल रात्री ऐकून पाहिलं. वीस वर्षं मी ती घरघर ऐकत होतो आणि तिला तानपुरा समजत होतो. मिरजेत वाढलेल्या माणसाने. फार लागलं मनाला.

इसारच्या_काठी

बँडकॅम्प नावाच्या संकेतस्थळावर काही हिंदुस्थानी वादक आपलं संगीत थेट विकतात. अल्बम घेतला की हवी ती फाइल मिळते, मूळ दर्जाची, आणि ती आपली राहते. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, पैसे पाठवण्याचा खर्च वगळता बाकी कलाकाराला. मला इथून सोयीचं पडतं. मराठी भावगीतवाले, नाट्यसंगीतवाले मात्र तिथे जवळपास दिसत नाहीत. कुणी ओळखीचे असतील तर सांगा त्यांना, आम्ही बाहेरचे मराठी लोक घ्यायला बसलो आहोत.

निळी_पहाट

नागपूरहून. तुमच्या चर्चेत एक दुनिया राहून गेली म्हणून लिहितो. आमच्याकडे दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनी आणि मुंबईत ६ डिसेंबरला भीमगीतांचे स्टॉल लागतात. आधी कॅसेटी होत्या, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. कितीतरी गायक-शाहीर स्वतःची सीडी स्वतःच्या खर्चाने काढून स्वतःच स्टॉलवर बसायचे. दोन दिवसांच्या विक्रीवर वर्षाची बेगमी. माझे मामा त्यातलेच. एका वर्षी शेजारच्याच स्टॉलवर त्यांच्या सीडीची नक्कल निम्म्या किमतीत विकायला होती. घेणारे लोक पैसे मोजूनच घेत होते, त्यांना वाटत होतं आपण गायकाला हातभार लावतोय. म्हणून मला 'पैसे दिले की नाही' यापेक्षा 'कुणाच्या हातात दिले' हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

पण दुसरी बाजूही आहे आणि ती मी सोडणार नाही. वामनदादा कर्डकांची गाणी कुणी विकत घेऊन पोचवली नाहीत. ती वस्त्यावस्त्यांत, वहीत उतरवून, तोंडपाठ करून, टेपवर टेप भरून गेली. बाबासाहेबांचं नाव घराघरांत न्यायचं हेच त्यांचं मोल होतं. तिथे कुणी कुलूप लावलं असतं तर आमची पिढी घडली नसती. मामाही म्हणायचे, "गाणं पसरू दे, फक्त माझं नाव पुसू नका." नक्कल केलेल्या सीडीवर त्यांचं नाव नव्हतं. त्याचा त्यांना पैशापेक्षा जास्त राग होता.

अठ्ठ्याहत्तर_गती

मी जुन्या तबकड्या जमवतो. निळी_पहाट यांचं म्हणणं मला फार पटलं. संगीत नाटकांची किती पदं आज केवळ संग्राहकांमुळे ऐकायला मिळतात याचा अंदाज बाहेरून येणार नाही. कंपन्यांना त्यात धंदा दिसत नाही, त्यामुळे ती बाजारात नाहीत. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या लाखेच्या तबकड्या. हातातून पडली की संपली. मुंबईत १९९० पासून संग्राहकांची संस्था आहे, त्यांनी याद्या केल्या, लेख लिहिले, एकमेकांना प्रती दिल्या. मी माझ्याकडचं इंटरनेटवर चढवतो ते फुकट, पण तबकडीवरचा क्रमांक, गायक, नाटक, पदकर्ता आणि साथीदार माहीत असतील तर तेही लिहून. नावं न लिहिता चढवणाऱ्यांवर माझा खरा राग आहे.

तानपुरा_मिरज

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. माझ्यापुरतं ठरवलं ते सांगतो. भाडं सुरू ठेवतोय. जे कलाकार हयात आहेत आणि ज्यांची फाइल माझ्याकडे फुकटची आहे, त्यांची यादी केली, १४ नावं निघाली. त्यातल्या ज्यांच्यापर्यंत पोचता येईल त्यांच्याकडून थेट घ्यायचं. तो राखाडी झालेला तोडी ज्यांचा, त्यांच्या शिष्येचा नंबर परवा मिळाला. फोन केला. मूळ मुद्रण गुरूंच्याच घरी आहे, म्हणाल्या, आणि विकत कुणी मागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. किंमत काय सांगावी हेही त्यांना कळेना. मी ५०० म्हणालो. साथीच्या तबलजींचा नंबरही मागून घेतला आहे.

कार्डवाला_बार्शी

मी या आठवड्यात वैरागला जाऊन आलो. ते महाराज चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा भेटला. मी ३० रुपयांचा किस्सा सांगितला, पाकीट पुढे केलं. त्याने घेतलं नाही. म्हणाला, "नातवाचा तो फोन कधीच बिघडला, त्यात होतं ते गेलं. तुमच्याकडं अजून आहे का बाबांचा आवाज?"

दुकानातली हार्डडिस्क माळ्यावर आहे. आठ-नऊ वर्षं लावलेली नाही. कीर्तनाच्या फोल्डरमध्ये त्यांची निदान तीन होती, एवढं आठवतंय. रविवारी लावून बघतो.

धीम्या_फेऱ्या

दादा, थांबा, लावू नका. इतकी वर्षं पडून राहिलेली डिस्क पहिल्यांदा फिरते तीच कधीकधी शेवटची ठरते. फोल्डर उघडून शोधत बसायचं नाही, आधी जशीच्या तशी पूर्ण नक्कल काढायची. माझ्याकडे त्याची सोय आहे, स्टुडिओ पुण्यात आहे. पैसे नकोत. धक्का लागणार नाही अशी गुंडाळून पाठवा.

कार्डवाला_बार्शी

कुरियरवर भरवसा नाही. मांडीवर घेऊन मीच येतो. पहाटेची बार्शी-पुणे पकडली तर दुपारच्या आत पोचेन. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.